जॉन जे तहात हरला नव्हता

‘युद्धात कमावलं, तहात घालवलं’ हे वाक्य आपल्याकडे कायम तयार असतं. ताश्कंद म्हणा, सिमला म्हणा, कुठल्याही कराराच्या पाठीवर ते चिकटवता येतं आणि त्यासाठी करार वाचावा लागत नाही. अमेरिकेच्या आरंभकाळाविषयी बोलताना हाच शिक्का अमेरिकेचा दूत जॉन जे याच्या तहावर मारला जातो. १९ नोव्हेंबर १७९४ रोजी लंडनमध्ये सही झालेला हा तह म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनच्या सरकारने इंग्लंडपुढे घातलेलं लोटांगण, असं सांगतात. पुरावा म्हणून जळत्या पुतळ्यांची गोष्ट हमखास येते. जेचे इतके पुतळे जाळले गेले, की त्या उजेडात तो रात्रीचा देश पालथा घालू शकला असता, म्हणे.

गोष्ट झकास आहे, पण पुतळा जळला एवढ्याने तह वाईट ठरत नाही. केंटकीत जेच्या पुतळ्याची मान १७९४ मध्येच, तहाचा मसुदाही नव्हता तेव्हा, गिलोटिनखाली गेली होती. कारण जुनं होतं. १७८६ मध्ये स्पेनशी बोलणी करताना मिसिसिपी नदीवरच्या वाहतुकीचा हक्क काही वर्षं बाजूला ठेवायला जे तयार झाला होता, आणि पश्चिमेकडच्या वसाहतकऱ्यांनी ते विसरायचं नाकारलं. म्हणजे राग आधी होता, त्याला निमित्त नंतर मिळालं. तेव्हा पुतळे बाजूला ठेवू आणि आरोप एकेक करून तपासू.

जे लंडनला निघाला तेव्हा त्याच्या हातात होतं काय? १७८३ च्या पॅरिस तहाने अमेरिकेला स्वातंत्र्य मिळालं, पण नायगारा, ओस्वेगो, डेट्रॉइट, मिशिलिमॅकिनॅक ही सरोवरांकाठची ठाणी ब्रिटिश सैन्याने सोडलीच नव्हती. अकरा वर्षं अमेरिकेच्या भूमीवर परक्या राजाचं निशाण फडकत होतं. नोव्हेंबर १७९३ मधल्या ब्रिटिश हुकमानंतर वेस्ट इंडीजच्या समुद्रात सुमारे अडीचशे अमेरिकन व्यापारी जहाजं पकडली गेली. फेब्रुवारी १७९४ मध्ये कॅनडाचा गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर मूलनिवासी प्रतिनिधींपुढे उघड बोलून गेला, की वर्षभरात लढाई जुंपेल. याला उत्तर द्यायला अमेरिकेकडे आरमार नव्हतं. सहा फ्रिगेट बांधण्याचा कायदा २७ मार्च १७९४ ला झाला खरा, पण त्यातलं एकही जहाज १७९७ पूर्वी पाण्यात उतरलं नाही. केंद्र सरकारची तिजोरी भरत होती ती आयात जकातीने, आणि आयात मालाचा मोठा हिस्सा ब्रिटिश होता. ज्याच्याशी लढायचं त्याच्याच मालावरच्या जकातीतून लढाईचा खर्च काढायचा, असा तो पेच होता. विरोधी गटाचा नेता जेम्स मॅडिसन याचा उपाय होता ब्रिटिश व्यापारावर निर्बंध घालून लंडनला नमवायचं. या उपायाकडे आपण नंतर येऊ, कारण पुढे तो खरोखर करून पाहिला गेला.

शिवाय इंग्लंडची तक्रार खोटी नव्हती, हे सांगायला टीकाकार विसरतात. १७८३ च्या तहाच्या चौथ्या कलमाने ब्रिटिश सावकारांना युद्धापूर्वीची येणी वसूल करायला कायद्याने आडकाठी होणार नाही, असं वचन दिलं होतं. राज्यांनी ते धाब्यावर बसवलं, आणि त्यात व्हर्जिनिया सगळ्यांच्या पुढे होती. ऑक्टोबर १७८६ मध्ये परराष्ट्र सचिव म्हणून जेनेच काँग्रेसला गुप्त अहवाल दिला होता, की तहभंग आपणही केला आहे आणि ठाणी अडवून धरण्याचं निमित्त आपणच इंग्लंडला पुरवलं आहे. आजच्या वाहिन्यांवर असा माणूस संध्याकाळच्या आत देशद्रोही ठरला असता. १७९४ मध्ये त्याच माणसाला वाटाघाटीला पाठवणं म्हणजे वॉशिंग्टनची चूक, असं म्हणणारे आहेत. मला उलट वाटतं. आपली बाजू कुठे लंगडी आहे हे ज्याला माहीत आहे, तोच समोरच्याची लंगडी बाजू नेमकी पकडतो.

त्याने आणलं काय, ते पाहू. ठाणी १ जून १७९६ पर्यंत रिकामी करण्याचं कबूल झालं आणि त्या उन्हाळ्यात ती खरोखर रिकामी झाली. ११ जुलै १७९६ रोजी डेट्रॉइटवर अमेरिकेचं निशाण चढलं. पकडलेल्या जहाजांची भरपाई ठरवायला दोन्ही बाजूंचे आयुक्त बसले आणि अमेरिकन व्यापाऱ्यांच्या पदरात अखेर एक कोटी डॉलरहून जास्त रक्कम पडली. ईशान्येच्या सीमेवरची सेंट क्रॉय नदी नेमकी कोणती, हा वाद लवादाने १७९८ मध्ये मिटवला. तलवारीऐवजी आयुक्त बसवून भांडणं सोडवण्याची आधुनिक प्रथा इथूनच मोजतात. बदल्यात अमेरिकेने कर्जं मान्य केली. ती पुढे १८०२ मध्ये एकरकमी ६ लाख पौंडांवर, म्हणजे साधारण २७ लाख डॉलरवर, मिटली. आणि ही रक्कम कबूल केली कोणी? टॉमस जेफर्सनच्या सरकारने. ज्या पक्षाने सावकारांच्या नावाने १७९५ मध्ये बोटं मोडली, त्याच पक्षाने सत्तेत येऊन हिशेब चुकता केला. एक कोटी घेतले आणि सत्तावीस लाख दिले, याला घालवणं म्हणत असतील तर असं घालवायला कोणताही व्यापारी तयार होईल.

तहात खोट होती, आणि ती झाकण्यात अर्थ नाही. बारावं कलम लाजिरवाणं होतं. वेस्ट इंडीजचा व्यापार खुला केला तो ७० टनांपर्यंतच्या लहान जहाजांना, आणि त्याबदल्यात साखर, कॉफी, काकवी, कोको आणि कापूस हा माल अमेरिकेने आपल्या जहाजांतून जगात इतरत्र न्यायचा नाही, अशी अट. दक्षिणेत कापूस नुकता वर येत होता, आणि जेला त्याची दादही नव्हती असं दिसतं. पण सिनेटने हे कलम काढून मगच तह मंजूर केला आणि इंग्लंडने ती दुरुस्ती मुकाट्याने मानली. म्हणजे मंजुरीची पायरी ज्या कामासाठी ठेवली होती, ते काम तिने केलं. बाराव्या कलमावरून तहाला झोडपणारे त्या पायरीचं नाव घेत नाहीत.

आता हॅमिल्टन. सॅम्युएल फ्लॅग बेमिसने १९२३ च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने ब्रिटिश वकील जॉर्ज हॅमंडला खासगीत सांगून टाकलं, की अमेरिका स्वीडन-डेन्मार्कच्या सशस्त्र तटस्थ गटात सामील होणार नाही, आणि तिथेच जेच्या हातचा हुकमाचा पत्ता गेला. तेव्हापासून हा आरोप पाठांतरासारखा म्हटला जातो. हॅमिल्टनचं वागणं अशोभनीय होतं यात वाद नाही. मंत्र्याने परक्या वकिलाशी असं मोकळं व्हायचं नसतं. पण तारखा पाहा. हॅमंडचं ते पत्र लंडनला पोचलं सप्टेंबरमध्ये. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री ग्रेनव्हिलने आपले मसुदे जेच्या हाती दिले होते ऑगस्टच्या अखेरीस, आणि ठाणी सोडणं व लवाद नेमणं त्यात आधीच होतं. आणि मुळात तो पत्ता होता तरी केवढा? स्वीडन आणि डेन्मार्क यांच्या आरमारांच्या धाकाने इंग्लंड समुद्रावरचा आपला हक्क सोडेल, ही आशा लंडनच्या नौदल खात्यात कोणी गंभीरपणे घेतली नसती.

गुलामांचा आरोप मात्र मला सगळ्यांत ढोंगी वाटतो. १७८३ मध्ये न्यूयॉर्क सोडताना ब्रिटिशांनी सुमारे ३००० कृष्णवर्णीयांना बरोबर नेलं. राजाच्या बाजूला या, स्वातंत्र्य देतो, असं वचन त्यांना दिलेलं होतं. दक्षिणेच्या मळेवाल्यांना त्यांची नुकसानभरपाई हवी होती आणि जेने ती मागणी सोडून दिली. यावरून आजही त्याला ‘कमजोर वाटाघाटी करणारा’ म्हणतात. १७८६ च्याच अहवालात जेने लिहून ठेवलं होतं, की नेलेल्या लोकांबद्दल इंग्लंडने पैसे द्यावेत, पण ज्यांना स्वातंत्र्याचं वचन दिलं त्यांना पुन्हा धन्याच्या हाती देणं हा क्रूर विश्वासघात झाला असता. जे साधुसंत नव्हता. तो न्यूयॉर्कच्या गुलाममुक्ती संस्थेचा पहिला अध्यक्ष होता आणि त्याच वेळी त्याच्या घरी गुलाम होते. पण वाटाघाटीत काहीतरी सोडायचंच होतं, तर माणसांची किंमत मागणं सोडलं, यात राष्ट्राची नामुष्की शोधणाऱ्यांनी आपण कोणाच्या वकिलीला उभे आहोत ते एकदा पाहावं. व्हर्जिनियात कर्जबुडवे आणि गुलामांचे धनी हे बहुतेक एकच लोक होते. जेफर्सनच्या माथ्यावरही सासऱ्याकडून आलेलं ब्रिटिश व्यापाऱ्यांचं मोठं देणं होतं. त्याचा विरोध केवळ त्या देण्यापोटी होता असं मी म्हणणार नाही, पण ‘जनतेचा आवाज’ म्हणून जो ऐकवला जातो त्यात मळेवाल्यांचा सूर किती, हे ओळखायला कान फार तीक्ष्ण लागत नाहीत.

राहिली मंजुरीची हकिकत, आणि इथे मी टीकाकारांना निम्मं माप देतो. तह फिलाडेल्फियाला पोचला ७ मार्च १७९५ रोजी. काँग्रेस चारच दिवस आधी उठली होती. वॉशिंग्टनने तो तीन महिने कुलपात ठेवला, जूनमध्ये सिनेटचं खास अधिवेशन बोलावलं आणि चर्चा बंद दाराआड करवली. २४ जूनला मतं पडली २० विरुद्ध १०. दोनतृतीयांश लागतात, आणि ही नेमकी दोनतृतीयांश होती. एक जरी इकडचा तिकडे गेला असता तरी तह बुडाला असता. मग व्हर्जिनियाचा सिनेटर स्टीव्हन्स टॉमसन मेसन याने प्रत बाहेर दिली आणि बेंजामिन फ्रँकलिनचा नातू बेंजामिन बाख याने ती ‘ऑरोरा’ या आपल्या पत्रातून आणि पुस्तिकेतून लोकांपुढे मांडली. चार जुलैला फिलाडेल्फियात पुतळा जळला. १८ जुलैला न्यूयॉर्कच्या सभेत हॅमिल्टन बोलायला उभा राहिला आणि त्याला दगड खावे लागले. लोकांच्या नशिबाचा कागद लोकांपासून लपवला, हा राग मला पूर्ण पटतो. लपवल्याने तह जेवढा होता त्याहून काळा दिसू लागला. वॉशिंग्टनने मार्चमध्येच तो छापून टाकला असता तर निम्मी आग पेटलीच नसती.

पण पुढे काय झालं ते गोष्ट सांगणारे गुंडाळतात. दगड खाल्लेला हॅमिल्टन घरी जाऊन रुसला नाही. ‘कॅमिलस’ या टोपणनावाने ‘द डिफेन्स’ ही ३८ लेखांची मालिका त्याने रूफस किंगच्या मदतीने चालवली आणि कलमामागून कलम घेऊन उत्तर दिलं. जेफर्सनने मॅडिसनला पत्र लिहून विनवलं, की याला आवर, हा एकटाच एका सैन्याइतका आहे. प्रतिपक्षाच्या सेनापतीकडून मिळालेलं हे प्रमाणपत्र मानायला हरकत नाही. ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने सही केली. परराष्ट्र सचिव एडमंड रँडॉल्फ याच्याविषयीचं फ्रेंच वकिलाचं पकडलेलं पत्र तेवढ्यात पुढे आलं आणि १९ ऑगस्टला त्याने राजीनामा दिला, हा तमाशा वेगळा. त्यावर कादंबरी होईल, तहाचा गुणदोष ठरत नाही.

खरी लढाई १७९६ मध्ये प्रतिनिधिगृहात झाली. आयुक्तांचा खर्च मंजूर करायचा म्हणजे पैसा लागणार, आणि पैशाची किल्ली या सभागृहाकडे. तिथला सभासद एडवर्ड लिव्हिंग्स्टन याने वाटाघाटींची कागदपत्रं मागितली. २४ मार्चला ठराव ६२ विरुद्ध ३७ असा मंजूर झाला. ३० मार्चला वॉशिंग्टनने साफ नकार दिला आणि १७८७ च्या घटना परिषदेच्या इतिवृत्ताचा दाखला दिला, की तहाला प्रतिनिधिगृहाची संमती लागावी ही सूचना तिथे फेटाळली गेली होती. गंमत अशी, की त्या परिषदेत टिपणं घेत बसलेला मॅडिसन समोरच्या बाकावर होता. त्याने उत्तर दिलं, की परिषदेत कोणाच्या मनात काय होतं याने घटनेचा अर्थ ठरत नाही. राज्यांच्या ज्या परिषदांनी ती मंजूर केली त्यांना काय वाटलं ते पाहावं. मला इथे मॅडिसन पटतो, आणि कागदपत्रं नाकारण्याचा वॉशिंग्टनचा हट्ट नाही पटत. पैसा मागायचा आणि कशासाठी ते दाखवायचं नाही, हे लोकशाहीत चालू नये. पण कागद नाकारले म्हणून तह वाईट, ही उडी मला घेता येत नाही.

पाच आठवड्यांत वारं फिरलं. गावोगावहून तहाच्या बाजूने अर्ज येऊ लागले. ठाणी हवी होती, भरपाई हवी होती, युद्ध नको होतं. २८ एप्रिलला तहाच्या बाजूच्या आजारी फिशर एम्सने उभं राहून सरहद्दीवरच्या वस्त्यांचं काय होईल ते सभागृहापुढे उभं केलं. दुसऱ्या दिवशी समिती सभेत ४९ विरुद्ध ४९ अशी मतं पडली आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या फ्रेडरिक म्यूलेनबर्गने आपलं मत तहाच्या पारड्यात टाकलं. थोड्याच दिवसांत त्याच्या मेहुण्याने त्याला सुरा मारला. तो वाचला, पण राजकारणातून संपला. ३० एप्रिलला शेवटचं मतदान ५१ विरुद्ध ४८. ज्या तहावर सिनेटने बंद दाराआड आणि प्रतिनिधिगृहाने उघड्यावर, असं दोनदा मत दिलं, त्याला ‘लोकांवर लादलेला’ म्हणायचं कसं?

याच एप्रिलमध्ये सेलमचा कप्तान जेकब क्राउनिनशील्ड कलकत्त्याहून एक हत्तीण घेऊन न्यूयॉर्क बंदरात उतरला होता. अमेरिकेने पाहिलेला तो पहिला हत्ती. तेराव्या कलमाचा विषय निघाला की मला ती हत्तीण आठवते. आपल्याशी या तहाचा थेट धागा आहे तो एवढाच: मुंबई, मद्रास, कलकत्ता इथल्या कंपनीच्या बंदरांत अमेरिकन जहाजं आधीही येत, पण स्थानिक अधिकाऱ्यांच्या मेहरबानीवर. तेराव्या कलमाने तो हक्क केला. माल थेट अमेरिकेलाच न्यायचा आणि आपल्या किनाऱ्यावरची बंदर ते बंदर वाहतूक करायची नाही, या अटी होत्या. ज्या इंग्लंडने वेस्ट इंडीजचं दार किलकिलं करताना इतकी कटकट केली, त्याने हिंदुस्थानचं दार सहज उघडलं. इथल्या कोणालाच विचारायचं नव्हतं, म्हणून ते सहज जमलं.

आता मॅडिसनच्या उपायाकडे वळू. तहविरोधकांचं म्हणणं होतं, की ताठ उभं राहिलं असतं तर जास्त मिळालं असतं. या दाव्याची परीक्षा इतिहासाने घेतली, कारण १८०१ मध्ये तेच सत्तेवर आले आणि सोळा वर्षांत जेफर्सन आणि मॅडिसन हे दोघे अध्यक्ष झाले. जेवरचा सगळ्यांत तिखट आरोप होता, की अमेरिकन खलाशांना जहाजावरून उचलून ब्रिटिश आरमारात सक्तीने भरती करतात, त्याबद्दल तहात अवाक्षर नाही. खरं आहे, नाही. ३१ डिसेंबर १८०६ रोजी जेम्स मन्रो आणि विल्यम पिंकनी यांनी लंडनला नवा तह केला. त्यातही सक्तीच्या भरतीबद्दल कलम मिळालं नाही. जेफर्सनने तो सिनेटपुढे ठेवलाच नाही. मग डिसेंबर १८०७ मध्ये आली मॅडिसनची आवडती व्यापारबंदी. १८०७ मध्ये १० कोटी ८० लाख डॉलर असलेली अमेरिकेची निर्यात १८०८ मध्ये २ कोटी २० लाखांवर आली. इंग्लंड नमलं नाही, न्यू इंग्लंडचे धक्के ओस पडले. मग १८१२ चं युद्ध. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन शहर जाळलं. आणि २४ डिसेंबर १८१४ रोजी गेंटला जो तह झाला त्यात सक्तीच्या भरतीबद्दल काय लिहिलं होतं? एक अक्षर नाही. त्या तहावर सही करणाऱ्यांत होता ॲल्बर्ट गॅलाटिन, १७९६ मध्ये प्रतिनिधिगृहात जेच्या तहाला झोडपणारा बिनीचा वक्ता.

म्हणजे वीस वर्षं, एक व्यापारबंदी आणि एक युद्ध खर्च करून विरोधक तिथेच आले, जिथे जे एका उन्हाळ्यात आणि एका शरदात पोचला होता. आणि येताना ठाणी, भरपाई आणि लवाद यांतलं काही जास्त घेऊन आले नाहीत. उलट १७९४ मध्ये युद्ध टळलं म्हणून या देशाला आरमार बांधायला, तिजोरी भरायला, ओहायोपलीकडे सरकायला सतरा वर्षं मिळाली. स्पेनलाही धसका बसला, की इंग्लंड आणि अमेरिका एक झाले तर आपलं लुइझियाना जाईल, आणि ऑक्टोबर १७९५ मध्ये त्याने मिसिसिपी मोकळी केली. केंटकीवाल्यांना हवं होतं ते अखेर जेच्या तहाच्या सावलीतच मिळालं.

फ्रान्सचा मुद्दा टीकाकारांचा सगळ्यांत भक्कम आहे. १७७८ च्या मैत्रीच्या कराराने फ्रेंच फौज आली, यॉर्कटाउनचा विजय झाला, आणि १७९४ मध्ये अमेरिकेने फ्रान्सच्या शत्रूशी हातमिळवणी केली. समुद्रावर तटस्थ जहाजातला शत्रूचा माल जप्त करण्याचा ब्रिटिश दावा जेने प्रत्यक्षात गिळला. पॅरिस भडकलं, फ्रेंच खासगी लढाऊ जहाजांनी शेकडो अमेरिकन जहाजं धरली, आणि १७९८ ते १८०० असं अघोषित युद्ध झालं. किंमत खरी होती. पण दोनपैकी एकाशी भांडण अटळ असेल, तर ज्याचं सैन्य आपल्या जमिनीवर बसलं आहे आणि ज्याच्या मालावर आपली तिजोरी चालते, त्याच्याशी ते आधी मिटवणं याला मी शरणागती म्हणणार नाही.

जेवर एक आरोप करता येतो, आणि तो १७९५ च्या सभांमध्ये कोणी केलाच नाही. २० ऑगस्ट १७९४ रोजी, लंडनमध्ये मसुदे लिहिले जात होते तेव्हा, ओहायोच्या रानात फॉलन टिंबर्सला जनरल अँथनी वेनच्या फौजेने शॉनी, मायामी, लेनापे आणि इतर राष्ट्रांच्या योद्ध्यांना हरवलं. ते धावत ब्रिटिशांच्या फोर्ट मायामीशी आले. डॉर्चेस्टरच्या भाषणावर विसंबूनच ते लढले होते. किल्ल्याचा दरवाजा उघडला नाही. वर्षभरात, ऑगस्ट १७९५ मध्ये, ग्रीनव्हिलच्या तहाने ओहायोचा बहुतेक भाग त्यांच्या हातून गेला. जे आणि ग्रेनव्हिल यांनी ठाण्यांचा सौदा केला तो या लोकांच्या भूमीचा सौदा होता आणि त्या टेबलावर त्यांचं कोणी नव्हतं. तिसऱ्या कलमाने त्यांना एवढंच दिलं, की नव्या सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना त्यांना मुक्त ये-जा करता येईल आणि स्वतःच्या सामानावर जकात पडणार नाही. अमेरिकेच्या कायद्यात या हक्काचा काही भाग अजून जिवंत आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९५६ मध्ये सांगितलं, की संसदेने तसा कायदा केलेला नाही, तेव्हा तह न्यायालयात लागू होत नाही. डिसेंबर १९६८ मध्ये अक्वेसास्नेच्या मोहॉक लोकांनी आपल्याच वस्तीतून जाणारा सरहद्दीवरचा पूल अडवला आणि सीमाशुल्क भरायला नकार दिला, तो या तिसऱ्या कलमाचा आधार घेऊन.